१९८१ची कॉर्व्हेट : स्मॉग कॉम्प्युटरचं वायरिंग काढतानाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२३

गाडी आत लावली. मिशिगनमध्ये आता कधीही बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला सुरुवात होईल, त्यामुळे एप्रिलपर्यंत कॉर्व्हेट गॅरेजमध्येच. या हिवाळ्याचं काम ठरलंय, एमिशन कॉम्प्युटरचं, म्हणजे धुरातलं प्रदूषण आटोक्यात ठेवणाऱ्या कॉम्प्युटरचं सगळं जुनं वायरिंग बाहेर काढायचं आणि जे राहील ते नीट बांधायचं.

गाडीची माहिती एकदा लिहून ठेवतो. १९८१ची शेव्हरोले कॉर्व्हेट, जनरल मोटर्सची (जीएम) स्पोर्ट्स कार, सी-३ म्हणजे तिसऱ्या पिढीची बॉडी, एल-८१ इंजिन म्हणजे ३५० क्यूबिक इंच, ५.७ लिटर, फॅक्टरीच्या कागदावर १९० हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक. चासी नंबरातलं अकरावं अक्षर एस आहे म्हणजे सेंट लुईसची गाडी. त्याच वर्षी कारखाना केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हलला आणि जून-जुलैत दोन्हीकडे गाड्या बनत होत्या, बोलिंग ग्रीनच्या गाड्यांना त्या जागी ५ आकडा असतो.

आता खरी अडचण. आधीच्या मालकाने कधीतरी कॉम्प्युटरवालं कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर काढून जुन्या पद्धतीचं साधं क्वाड्राजेट कार्ब्युरेटर आणि कॉम्प्युटरशिवाय चालणारं, व्हॅक्यूम ॲडव्हान्सवालं एचईआय डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना ठिणगी पोचवणारं) बसवलं. एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा एअर पंपही त्यानेच काढला. ते काम चांगलं झालंय, इंजिन मस्त चालतं, पण वायरिंग मात्र सगळं जिथल्या तिथे. कॉम्प्युटर आहे, सेन्सरचे कनेक्टर इंजिनवर लोंबतायत, काही टेपने गुंडाळलेत, काही एक्झॉस्टला टेकून वितळलेत. आणि दोन आठवडे गाडी उभी राहिली की बॅटरी झोपते. ही फायबरग्लासची गाडी आहे, एक वायर शॉर्ट होऊन पेटली तर हाताशी फार वेळ मिळत नाही, म्हणून हे काम माझ्या यादीत रंगाच्या आणि सीटकव्हरच्या वर आहे.

१८ नोव्हेंबर

आज काहीच काढलं नाही, फक्त मोजलं. बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये लावला, दारं बंद, दिवे बंद, तरी १४० मिलिअँप. ५०च्या आत पाहिजे. एकेक फ्यूज काढून बघितलं, फारसा फरक नाही, म्हणजे ही गळती फ्यूजबॉक्सच्या आधीच कुठेतरी आहे.

सी-३मध्ये बॅटरी बॉनेटखाली नसते, ड्रायव्हरच्या सीटमागच्या कप्प्यात असते. तिथेच शेजारी कॉम्प्युटर. त्याला बॅटरीवरून थेट येणारी एक नारिंगी वायर, कायम चालू, कारण याच्या मेमरीला चोवीस तास थोडा करंट लागतो. ही वायर बॅटरीच्या ट्रेजवळ घासलेली आणि जोडावर ॲसिडने खाऊन हिरवं पीठ झालेलं. वायर सुटी केली, मीटर ३०च्या खाली.

बॅटरीचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं म्हणून काम इथेच थांबवायचं नाही. बाकीच्या वायरी तशाच आहेत.

२५ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. पण काढण्याआधी मला हे जाणून घ्यायचं होतं की हा कॉम्प्युटर जिवंत आहे का. या सिस्टीमची चाचणी घ्यायला लॅपटॉप वगैरे काही लागत नाही, डॅशखालच्या कनेक्टरमधलं टेस्ट टर्मिनल ग्राउंड करायचं, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला जोडायचं, चावी ऑन, इंजिन बंद, आणि चेक इंजिनचा दिवा उघडझाप करून आकडे सांगतो. एकदा लुकलुकला, थांबला, दोनदा लुकलुकला म्हणजे १२. इंजिन फिरत नाहीये, डिस्ट्रिब्युटरकडून सिग्नल नाही, एवढाच १२चा अर्थ, आणि तो आला म्हणजे कॉम्प्युटर शुद्धीवर आहे.

माझ्या गाडीत त्या दिव्याचा बल्बच काढून ठेवलेला होता. नवीन घातला, नारिंगी वायरीला तात्पुरता चांगला जोड दिला, इंजिन थोडं चालवून बंद केलं आणि टर्मिनल ग्राउंड केलं. १२ आला! तीन वेळा. मग १५, कूलंट सेन्सरचं सर्किट उघडं. मग २३, कार्ब्युरेटरमधल्या मिक्श्चर सोलेनॉइडचं (हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलणाऱ्या विजेवरच्या झडपेचं) सर्किट. म्हणजे चाळीस वर्षांनीही हा डबा बरोबर सांगतोय की माझं काय काय तुटलंय. मी दिवसभर गाड्यांच्या सॉफ्टवेअरचंच काम करतो, आजच्या गाडीत अशा डब्यांची अख्खी वस्ती असते आणि ते एकमेकांशी सेकंदाला ५ लाख बिट या वेगाने बोलतात, हा बिचारा डायग्नोस्टिक लाईनवर १६० बॉडने, म्हणजे सेकंदाला जेमतेम १६० बिटने बोलायचा, पण बोलतो ते खरं. मला याच्याबद्दल खूप आदर वाटला आणि तो लिहून ठेवावासा वाटतो कारण या सिस्टीमला शिव्या घालायचीच पद्धत आहे.

हे बसवावं का लागलं तेही समजून घ्यायला हवं. १९८१च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या केंद्रीय मर्यादा एकदम खाली आल्या, कार्बन मोनॉक्साईड मैलाला ७ ग्रॅमवरून ३.४ वर, नायट्रोजन ऑक्साईड २ वरून १ वर. एवढं साधायचं तर धूर स्वच्छ करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पाहिजे, आणि तो नीट काम करतो तो हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी आसपास असलं तरच. साध्या कार्ब्युरेटरला एवढं नेमकं जमत नाही. म्हणून जीएमने कॉम्प्युटर कमांड कंट्रोल नावाची ही सिस्टीम त्या वर्षी आपल्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत घातली. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर, तो ० ते १ व्होल्ट देतो, ०.४५च्या वर रिच म्हणजे पेट्रोल जास्त, खाली लीन म्हणजे कमी. ते बघून कॉम्प्युटर कार्ब्युरेटरमधल्या सोलेनॉइडला सेकंदाला १० वेळा खालीवर करतो, किती वेळ खाली आणि किती वेळ वर यावरून पेट्रोल कमीजास्त. कार्ब्युरेटरला इंजेक्शनसारखं वागायला लावलं त्यांनी! पुढच्याच वर्षी कॉर्व्हेटमध्ये कार्ब्युरेटर गेलं आणि क्रॉस-फायर इंजेक्शन आलं, त्यामुळे सगळ्या कॉर्व्हेटमध्ये हे असलं कार्ब्युरेटर सरसकट फक्त १९८१च्या गाड्यांत मिळतं. त्याआधी १९८०ला कॅलिफोर्नियाच्या ३०५ इंजिनवाल्या गाड्यांत तेवढं होतं.

२ डिसेंबर

कोणी हे वाचून नुसता कॉम्प्युटर उपटणार असेल तर आधी थांबा. मूळ कार्ब्युरेटर आणि मूळ डिस्ट्रिब्युटर असताना कॉम्प्युटर काढला तर गाडीची वाट लागते. मिक्श्चर सोलेनॉइडला करंट मिळाला नाही की तो फुल रिच बाजूला जाऊन बसतो, पेट्रोल ओततच राहतो आणि कन्व्हर्टर जळतो. मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये ना वजनं आहेत ना व्हॅक्यूम कॅनिस्टर, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे नेण्याचं काम पूर्ण कॉम्प्युटरकडे, सात पिनांच्या मॉड्यूलमधून. कॉम्प्युटर नसेल तर टायमिंग मागेच राहतं, गाडी ओढत नाही, इंजिन तापतं, एक्झॉस्ट लाल होतो. म्हणजे तिन्ही एकत्र राहतात किंवा तिन्ही एकत्र जातात. माझ्याकडे दोन आधीच गेलेले आहेत, म्हणून तिसरा काढतोय. सगळं मूळ आणि चालू असतं तर मी हातही लावला नसता, सेन्सर बदलून तीच सिस्टीम ठेवली असती.

३ डिसेंबर

मामांशी व्हिडिओ कॉल. मामांचं कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, ट्रकपासून ॲम्बॅसेडरपर्यंत सगळ्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचे हात गेलेत. फोन फिरवून सगळा पसारा दाखवला.

"मामा, यातल्या निम्म्या तर सरळ कापता येतील ना?"

"कटर ठेव बघू तिकडं. दोन्ही टोकं सापडल्याबिगर वायर कापायची न्हाई. एक टोक मेलंय म्हणून दुसरं मेलं असं कुठं असतंय?"

मग त्यांनी सांगितलं की आधी सगळ्या टोकांना चिठ्ठ्या लाव, मीटरने दोन्ही टोकं वाजवून बघ, आणि मधे कुठे फाटा फुटलाय का ते टेप सोडून डोळ्याने बघ, कागदावर विश्वास ठेवू नको, कारण गाडीला मधे किती जणांचे हात लागलेत ते कागदाला माहीत नसतं.

९ डिसेंबर

मामांचा शब्द आठ दिवसांत खरा ठरला.

कॉम्प्युटरला चावीवरून येणारी एक गुलाबी-काळी वायर आहे. मॅन्युअलमध्ये ती सरळ जाते. माझ्या गाडीत टेप सोडल्यावर दिसलं की आधीच्या मालकाने याच वायरीतून कार्ब्युरेटरच्या इलेक्ट्रिक चोकला (थंड इंजिनात हवा अडवणारी झडप, गरम झाली की उघडते) फाटा काढलाय, निळ्या प्लॅस्टिकचा तो चावून बसवायचा जोड लावून. ही वायर कॉम्प्युटरची म्हणून काढली असती तर चोक कधी गरमच झाला नसता, बंदच राहिला असता, इंजिन तापल्यावरही रिच चाललं असतं आणि लोकांनी सहा महिने कार्ब्युरेटर खोलून शोधलं असतं.

चोकला आता स्वतःची वायर दिली, चावीवर चालणारी, वेगळा फ्यूज, रिलेतून. निळा जोड फेकला. ते जोड इन्सुलेशन कापून तांब्याला आत ओलावा देतात, मिठाच्या प्रदेशात तर बिलकुल नकोत.

१६ डिसेंबर

सुरुवात इंजिनकडून केली. रंग जीएमचे ठरलेले आहेत आणि त्याचा फार उपयोग होतो. जांभळी आणि टॅन म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, करडी म्हणजे सेन्सरना जाणारे ५ व्होल्ट, गडद निळी म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा सिग्नल, तपकिरी-पांढरी म्हणजे चेक इंजिनचा दिवा. डिस्ट्रिब्युटरजवळचा चार वायरींचा कनेक्टर टायमिंगचा. कार्ब्युरेटरजवळ एक हिरवा एकटा कनेक्टर लोंबत असतो, तो कुठेच जोडायचा नसतो, त्यावर ड्वेल मीटर लावून मिक्श्चर बघायचे, सहा सिलिंडरच्या स्केलवर काटा ३०च्या आसपास हलत राहिला म्हणजे सगळं छान. बऱ्याच लोकांनी तो "सुटलेला" समजून कुठेतरी जोडून टाकलेला असतो.

कापत काहीच नाहीये. हे कनेक्टर वेदर-पॅक प्रकारचे आहेत, रबरी सीलवाले, मागचं झाकण उघडायचं, पुढून बारीक नळीचं टूल घालून टर्मिनलचे कान दाबायचे आणि वायर मागून अख्खी बाहेर येते, टर्मिनल आणि सीलसकट. वेळ लागतो, थंडीत प्लॅस्टिक कडक होतं म्हणून हेअर ड्रायरने थोडं कोमट करून घेतलं. पण असं काढलं की कोणालाही उद्या परत घालता येतं. प्रत्येक वायरीला पांढऱ्या टेपची चिठ्ठी, त्यावर नंबर, आणि वहीत तो नंबर कुठून कुठे.

३० डिसेंबर

ग्राउंड. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि घालवायलाच पाहिजे होता.

लोखंडी बॉडीच्या गाडीत कुठेही स्क्रू मारला की ग्राउंड मिळतं. इथे बॉडी फायबरग्लासची, करंट परत जायला चासीची फ्रेम आणि आतला लोखंडी सांगाडा सोडला तर फक्त वायरीच. प्रत्येक दिव्याला, मोटरला, गेजला परतीची काळी वायर. इंजिनच्या मागे एका बोल्टवर कॉम्प्युटरच्या काळ्या-पांढऱ्या वायरी आहेत, त्याच बोल्टवर इंजिनपासून बॉडीकडे जाणारा विणलेला पट्टा पण आहे. कॉम्प्युटरच्या काढल्या. पट्टा काढून दोन्ही बाजू चकचकीत घासल्या, नवा बसवला. तेवढ्यानेच चालू इंजिनमध्ये हेडलाईटपाशी व्होल्टेज १२.९ वरून १३.७ झालं, तापमानाचा काटा जो वायपर लावला की नाचायचा तो शांत झाला.

१३ जानेवारी २०२४

उणे १५ सेल्सिअस. गॅरेजमध्ये हीटर लावूनही बोटं चालत नाहीत. वही नीट लिहून काढली, नकाशा काढला, बस.

२७ जानेवारी

केबिन. ड्रायव्हरची सीट बाहेर, कार्पेट वर, सीटमागून पुढे फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जाणारी वायरींची जाड दोरी निघाली. कॉम्प्युटर बाहेर काढला, त्याचे मोठे कनेक्टर अख्खेच ठेवले. आतली प्रॉम चिप काढली नाही, त्या गाडीच्या इंजिन आणि गिअरबॉक्ससाठीची सेटिंग्ज त्यात असतात आणि ती डब्याबरोबरच राहिली पाहिजे.

नारिंगी वायर मुळापासून काढली. फक्त कॉम्प्युटरकडचं टोक टेप करून ठेवणं मला मान्य नाही, त्या वायरीत बॅटरीचा करंट तसाच उभा राहतो, टेप दहा उन्हाळ्यांत सुटतो. फायरवॉलच्या भोकात नवीन रबर ग्रोमेट आणि मोकळ्या जागी प्लग, नाहीतर इंजिनची उष्णता आणि वास सरळ पायाशी येतो.

१० फेब्रुवारी

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी महत्त्वाचं. टीएच-३५०सी गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा भाग) लॉक होतो, हायवेवर घसरण बंद, आरपीएम कमी, तेल थंड. तो लॉक कॉम्प्युटरच करायचा. १२ व्होल्ट ब्रेक पेडलच्या स्विचमधून गिअरबॉक्सला जातात आणि ग्राउंड कॉम्प्युटर देतो, टॅन-काळ्या वायरीतून. कॉम्प्युटर गेला की लॉक गेला, गाडी चालते पण हायवेवर गिअरबॉक्सचं तेल जास्त तापतं.

ही दोन टोकं ठेवली. ग्राउंडच्या बाजूला व्हॅक्यूम स्विच, म्हणजे पाय जोरात दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि लॉक सुटतो, आणि त्याला सिरीजमध्ये कन्सोलमध्ये एक छोटा टॉगल, हायवेला लागल्यावरच टाकायचा. ब्रेकचा स्विच मात्र मूळचाच ठेवायचा, त्याला बगल द्यायची नाही. ब्रेक मारल्यावर लॉक सुटला नाही तर सिग्नलला इंजिन बंद पडतं, क्लच न दाबता गिअरमध्ये गाडी थांबवल्यावर होतं तसंच.

२ मार्च

व्हॅक्यूमच्या नळ्या. वायरींबरोबर कॉम्प्युटरने चालवलेले सोलेनॉइड पण होते, एअर पंपाचे, ईजीआरचा, चारकोल कॅनिस्टरचा. सोलेनॉइड गेले, पण ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि कॅनिस्टर ठेवले, कार्ब्युरेटरच्या पोर्टेड व्हॅक्यूमवर, म्हणजे थ्रॉटल उघडल्यावरच मिळणाऱ्या व्हॅक्यूमवर जोडले. कॅनिस्टर टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवतो आणि ती इंजिनात जाळतो, तो काढून कोणाला काय मिळतं मला आजवर कळलेलं नाही, फक्त गॅरेजमध्ये वास. पीसीव्ही (इंजिनच्या पोटातली वाफ परत जाळायला पाठवणारी झडप) आहे तसाच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पण ठेवलाय.

सावधान : या गाडीचे हेडलाईट व्हॅक्यूमवर उघडतात. लाल आणि हिरव्या पट्ट्यांच्या नळ्या त्यांच्या आहेत, स्मॉगच्या नाहीत.

३ मार्च

कायद्याचं स्पष्ट लिहितो कारण यावर लोक गुळमुळीत बोलतात. मिशिगनमध्ये गाड्यांची एमिशन तपासणी नाही. पण फॅक्टरीने बसवलेली एमिशनची यंत्रणा काढणं हे केंद्रीय क्लीन एअर ॲक्टमध्ये टॅम्परिंगच आहे, तपासणी असो वा नसो. कॅलिफोर्नियात तर १९७६ पासूनच्या गाड्यांना स्मॉग चेक लागतो, आणि तिथे डोळ्याने पण तपासतात, ही गाडी या अवस्थेत तिथे पास होणं शक्यच नाही. म्हणूनच मी एकही वायर कापलेली नाही आणि मूळ कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर शोधतोय, सुदैवाने आधीच्या मालकाच्या शेडमध्ये कार्ब्युरेटर सापडलंय. ज्यांची सिस्टीम पूर्ण आहे त्यांनी ती दुरुस्त करावी, हे माझं मत पक्कं आहे. सेन्सर अजून मिळतात आणि शॉप मॅन्युअलमध्ये एकेक पायरी दिलेली आहे.

२० एप्रिल

रस्ते धुतले गेले, गाडी बाहेर. टायमिंग लावलं, व्हॅक्यूम नळी काढून बंद केलेली, बेस १२ अंश, ३००० आरपीएमला एकूण ३४. नळी परत लावली.

जुन्या ऑक्सिजन सेन्सरची जागा रिकामीच होती, तिथे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवला आणि त्याचं छोटं गेज सध्या पुरतं कन्सोलवर. कॉम्प्युटर जे सेकंदाला १० वेळा बघायचा ते निदान मी एकदा तरी बघून जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) लावायला पाहिजेत ना. सुरुवातीला क्रूझला, म्हणजे एका वेगाने जाताना, १२.८ ला १, म्हणजे बरंच रिच, इतकी वर्षं ही गाडी विनाकारण धूर सोडत फिरत होती. प्रायमरी जेट एक नंबर छोटे केले, आयडलचे स्क्रू आत घेतले.

११ मे

ॲन आर्बरपर्यंत जाऊन आलो. क्रूझला आता १४.४ ते १४.८, आयडलला १४ च्या जरा खाली, पूर्ण थ्रॉटलला १२.६. ६५ मैलाला टॉगल टाकला की आरपीएम सुमारे २०० ने खाली येतात, ब्रेकला हात लावला, म्हणजे पाय, की लगेच सुटतो. चोक दोन-तीन मिनिटांत पूर्ण उघडतो. पेट्रोलचा वास गेलाय, माझ्या बायकोने पहिल्यांदा काचा बंद न करता प्रवास केला.

साध्या कार्ब्युरेटरला १४.७ वर सतत धरून ठेवता येत नाही, चढावर आणि थंडीत ते सरकणारच, त्यामुळे कन्व्हर्टर पूर्वीएवढं काम करत नाही हे खरं आहे. जेवढं जवळ नेता येईल तेवढं नेलं.

१८ मे

शेवटची मोजणी : गाडी बंद, २२ मिलिअँप, घड्याळ आणि रेडिओची मेमरी. इंजिनवरची राहिलेली दोरी नवीन नळीत घालून कापडी टेपने गुंडाळली, एक्झॉस्टपासून चार बोटं लांब क्लिप केली.

काढलेलं सगळं वायरिंग गोल गुंडाळून, कॉम्प्युटर आणि कार्ब्युरेटरसकट एका बंद प्लॅस्टिकच्या खोक्यात, सिलिकाच्या पुड्यांबरोबर. नंबरांची यादी आणि नकाशाची एक प्रत खोक्यात, एक गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये. डिस्ट्रिब्युटर अजून मिळायचंय, कोणाकडे १९८१चं सात पिनवालं, शाफ्टला खेळ नसलेलं असेल तर मला हवंय. पुढच्या आठवड्यापासून व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, मागच्या बाजूने तेल घामासारखं येतंय.